मुरमांवर काय लावू, मावशी?

'तारुण्यपीटिका' हा शब्द मराठीत ज्याने कुणी रुळवला त्याला माझा नमस्कार! नाकाच्या शेंड्यावर आलेल्या, ठणकणाऱ्या, लालबुंद फोडाला इतकं भारदस्त नाव. बोलताना आपण मुरूम म्हणतो, मुलं पिंपल म्हणतात, पण शब्दाचं मूळ फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'यौवनपिडका' येते, तिचंच दुसरं नाव 'मुखदूषिका', म्हणजे चेहरा बिघडवणारी. आणि उपमा दिलीय सावरीच्या काट्यांची. सावरीचं कोवळं खोड जवळून पाहिलं असेल तर लगेच पटेल. बुडाशी रुंद, टोकाला अणकुचीदार. हे लिहिणाऱ्याने कुणातरी पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा गाल नीट निरखला असणार. उपाय म्हणून वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सांगितलाय. आमच्या घरी मात्र सहाणेवर जायफळ उगाळायचे आणि 'हात लावू नकोस' म्हणून ओरडायचे. दुसरा भाग जास्त गुणकारी होता असं आता वाटतं.

हे सगळं खणायला बसले ते भाचीमुळे. ती अकरावीत आहे आणि आमच्याजवळच, द्वारकेला राहते. (परगावच्या मंडळींसाठी: गुजरातची नव्हे, नाशिकची द्वारका. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता मिळतात तो चौक. डोक्यावरून 2013 पासून उड्डाणपूल गेला, खालची गर्दी तशीच.) क्लासवरून येताना ती मेडिकलमध्ये शिरली, तीन वस्तूंचे फोटो काढले आणि मला पाठवले. एक बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल, एक सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश आणि एक हळदीची क्रीम, आजीच्या शिफारशीची. खाली प्रश्न: "मावशी, यातलं कुठलं?" मी डॉक्टर नाही. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती, तेवढ्या भांडवलावर घरात मला हे प्रश्न येतात.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासून सुरू करते, कारण त्याचा इतिहास मला आवडतो. नाव आलं विलो झाडाच्या लॅटिन नावावरून. 1838 साली पिरिया नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने विलोच्या सालीतल्या द्रव्यापासून हे आम्ल बनवलं. पुढे जर्मनीत कोल्बेने ते झाडाशिवाय, फिनॉलपासून बनवून दाखवलं आणि 1874 मध्ये त्याच्या हायडेन नावाच्या शिष्याने ड्रेस्डेनजवळ कारखानाच काढला. सुरुवातीला ते तापावर आणि संधिवातावर पोटात घ्यायचे, अन्न टिकवायलाही वापरायचे. पोटाला ते फार झोंबतं म्हणून त्यातूनच पुढे अ‍ॅस्पिरिन निघालं. पण कातडीवरची मृत पापुद्र्यांची वीण ते सैल करतं, हे जर्मनीतल्याच उन्ना नावाच्या त्वचातज्ज्ञाने 1880 च्या दशकात नीट मांडलं. 1907 मध्ये व्हिटफील्डने ते बेंझॉइक अ‍ॅसिडबरोबर मलमात घातलं. गजकर्णावरचं ते व्हिटफील्डचं मलम आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगलं आठवत असेल. तर भाचीच्या हातातला तो निळ्या रंगाचा चकचकीत फेसवॉश आणि आजोबांच्या कपाटातली मलमाची डबी ही सख्खी भावंडं आहेत! तेलात विरघळत असल्यामुळे हे आम्ल छिद्रात शिरतं आणि बूच सैल करतं. काळे-पांढरे ठिपके असतील तर उपयोगी. पण फेसवॉशमधलं आम्ल मिनिटभरात बेसिनमध्ये जातं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

बेंझॉइल पेरॉक्साइडची जात वेगळी. 1858 मध्ये ब्रॉडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा बनवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याचा मोठा उपयोग कशासाठी झाला असेल? मैदा पांढराशुभ्र करण्यासाठी! 1934 मध्ये अमेरिकेत पेक आणि चार्गिन यांनी ते त्वचारोगांवर लावून पाहिलं, पण आपल्या नेहमीच्या मुरमांवर त्याचं बस्तान बसलं ते कॅनडातल्या पेस नावाच्या डॉक्टरमुळे. त्याने 1965 मध्ये ते गंधकाबरोबर क्रीममध्ये घालून दिलं आणि निबंध छापला. गंधक तर आपल्या वैद्यांचा जुना गडी, युरोपातही पूर्वापार चालत आलेला. नव्या रसायनाला मुरमांच्या दारात घेऊन आला तो असा जुनाच पाहुणा.

काम कसं करतं? मुरमातला जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागी वाढणारा. पेरॉक्साइड तिथे जाऊन फुटतं आणि त्याचं जगणं मुश्किल करतं. अँटिबायोटिकच्या मलमांना हे जिवाणू हळूहळू सरावतात, याला सरावत नाहीत. त्यामुळे साठ वर्षं होऊनही ते जुनं झालेलं नाही. 1986 मधल्या एका अभ्यासात अडीच, पाच आणि दहा टक्क्यांची तुलना केली होती. लाल, पुवाळलेल्या फोडांवर अडीच टक्के जवळपास तेवढंच चाललं, आणि दहा टक्क्यांपेक्षा आग बरीच कमी. पण आपल्याला जास्त टक्के म्हणजे जास्त मार्क वाटतात.

त्याच्यावर संशयही कमी घेतला गेला नाही. उंदरांवरच्या प्रयोगांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1991 मध्ये त्याचा निकाल राखून ठेवला. त्याला सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून अंतिम मान्यता मिळाली 2010 मध्ये. मग 2024 मध्ये पुन्हा गाजावाजा झाला, की ते तापल्यावर त्यातून बेंझीन तयार होतं. प्रशासनाने 95 उत्पादनं तपासली, नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादनांत ते सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं, आणि 2025 मध्ये मोजकी परत मागवली गेली. तर ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मेच्या दुपारी द्वारकेच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत तर नकोच.

आता आजीची हळद. ही गोष्ट आपल्या घरातली. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये 'विको' सुरू केली. हळद आणि चंदनतेलाची पिवळी क्रीम 1975 ची. दूरदर्शनवर आणि थिएटरात जाहिरात पाहिली नाही असं आमच्या पिढीत कुणी नसेल. पण तिच्यावरून केवढा खटला चालला हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. वाद असा, की ही क्रीम औषध की प्रसाधन? प्रसाधन असेल तर उत्पादन शुल्क जबर, आयुर्वेदिक औषध असेल तर नाममात्र. हे भांडण 1978 मध्ये सुरू झालं आणि सर्वोच्च न्यायालयात 2000 च्या दशकात कंपनीच्या बाजूने मिटलं. एक अख्खी पिढी मुरमांतून बाहेर पडून सुरकुत्यांना लागली तेवढ्यात! सरकारी बाजूचं म्हणणं साधारण असं, की चिठ्ठीशिवाय कुठल्याही दुकानात मिळतं ते औषध कसलं. त्यावर कंपनीचं उत्तर घटकद्रव्यं, औषधाचा परवाना आणि लोक ती कशासाठी घेतात याच्या आधारे होतं. गंमत म्हणजे 1995 मध्ये याच न्यायालयाने बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला औषध मानलं नव्हतं.

आजीला हा निकाल सांगितला तर ती म्हणाली, "बघ, कोर्टानेच सांगितलंय औषध आहे म्हणून." तिला समजावणं कठीण गेलं. कोर्टापुढे प्रश्न कर किती घ्यायचा हा होता. मुरूम किती जातात हा नव्हता.

आता मुख्य मुद्द्यावर येते. भाचीने फोटो तीन वस्तूंचे पाठवले होते, पण गेले दोन महिने ती चौथीच लावत होती. कुणीतरी ओळखीतून सुचवलेली, 'आठ दिवसांत फरक' अशी. आणि फरक पडला होता हो! पहिल्या आठवड्यात चेहरा काचेसारखा. मग लावायचं थांबवलं की आग, लाली आणि एकसारखे बारीक फोड. मी ट्यूब मागवून अक्षरं वाचली. त्यात स्टिरॉइड होतं.

स्टिरॉइडची मलमं 1952 मध्ये अमेरिकेत आली आणि इसबाच्या रोग्यांना मोठा दिलासा मिळाला, त्याबद्दल वादच नाही. 1975 मध्ये क्लिगमन या नामवंत त्वचातज्ज्ञाने डागांसाठी तीन द्रव्यांचं मिश्रण दिलं, त्यात एक स्टिरॉइड. तसली मिश्रणं आपल्याकडे आली आणि गोरं होण्याची क्रीम म्हणून खपू लागली. 2011 मध्ये भारतातल्या 12 केंद्रांवरचा एक अभ्यास छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 जणांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातले सुमारे चौथा हिस्सा मुरमांसाठी. स्टिरॉइडनेच मुरूम येतात! शेवटी मार्च 2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. कागदावर.

आणि 2022 मध्ये आरोग्य मंत्रालयाने चिठ्ठीविना द्यायच्या 16 औषधांचा मसुदा काढला, त्यात मुरमांसाठी नाव होतं बेंझॉइल पेरॉक्साइडचं. म्हणजे निरुपद्रवी म्हणून जी वस्तू यादीत घालू म्हणत होते ती घ्यायला भाची घाबरत होती, कारण तिच्या नावात 'पेरॉक्साइड' आहे. आणि जिला चिठ्ठी हवी ती मऊ, सुगंधी ट्यूब बिनधास्त चोळत होती.

तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. स्टिरॉइड एकदम न थांबवता हळूहळू सोडवलं, त्याला अडीच महिने लागले, आणि त्यातले पहिले तीन आठवडे ती तोंडाला ओढणी गुंडाळून कॉलेजला गेली. मग रात्री अडीच टक्क्यांचं जेल, वाटाण्याएवढं. फोड बसलेत, हनुवटीवर दोन खड्डे राहिलेत. उशीच्या निळ्या अभ्र्यावर मात्र पांढरे ढग उमटलेत. मैदा पांढरा करणारं रसायन ते, अभ्रा कसा सोडेल! ताईने आता तिला जुन्या पांढऱ्या साडीचे अभ्रे शिवून दिलेत.