चंदा खाते



आमच्या दुकानाच्या वहीत वडील ‘चंदा खाते’ नावाचे एक पान ठेवीत. गणेशोत्सव, पाठशाळा, गोशाळा आणि निवडणूक, सगळे त्याच पानावर. निवडणुकीत दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम लिहिलेली असे. एकदा कारण विचारले, तर म्हणाले, “बेटा, मत मनाने देतो, चंदा धाकाने. म्हणून मत एकाला आणि चंदा दोघांना.”

हा धाक किती जुना, ते पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपले पांढुर्णा-सौंसर नागपूर राजधानीपासून तुटून भोपाळकडे गेले. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचा अर्ज आला. राजकीय पक्षांना देणगी देता यावी, एवढाच बदल तिला आपल्या घटनापत्रात हवा होता. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली, कारण कायदा आड येत नव्हता. पण या पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाईल, असा इशाराही दिला.

१९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही. पावतीशिवाय वाहू लागला. वरून दाबलेला विकार आत शिरतो, हे आम्हा होमिओपॅथांना नवे नाही. १९८५ मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी पक्षांतरबंदी कायदा आला. आमदाराचे सभागृहातील मत पक्षादेशाला बांधले गेले. मग देणाऱ्यानेही आमदाराचे दार सोडून पक्षाचे दार धरले, यात नवल काय?

२८ जुलै १९९३ चा अविश्वास ठराव आठवा. २५१ विरुद्ध २६५ मतांनी नरसिंह राव सरकार तरले. आपल्या शेजारच्या रामटेकने त्यांना दोनदा लोकसभेत पाठवले होते. काही खासदारांना पैसे दिल्याचा खटला झाला. राव पुढे निर्दोष सुटले. पण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की लाच घेऊन मत देणाऱ्या खासदाराला घटनेचे संरक्षण आहे. घेऊन मत न देणाऱ्याला मात्र नाही! ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींनी हा निर्णय रद्द केला. त्याआधी १८ दिवस, १५ फेब्रुवारीला, निनावी निवडणूक रोखेही घटनाबाह्य ठरले होते.

म्हणजे कोणी दिले, हे आता बरेचसे कळू शकते. २०,००० रुपयांवरील देणग्यांची यादी पक्षांना निवडणूक आयोगाला द्यावी लागते. पण घेणाऱ्याने काय केले? विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोणत्या आमदाराने कोणत्या बाजूला मत दिले, याची नावनिशी नोंद राहत नाही. वहीचे एकच पान भरलेले, समोरचे कोरे.

वाचकहो, आपले आमदार मत मागायला येतील, तेव्हा चंद्याची पावती मागाच. पण सभागृहात मतविभागणी मागून आपले मत नोंदवाल का, हेही विचारा. जमा आणि नावे जुळल्याशिवाय माझे वडील दिवाळीला वही बंद करीत नसत.