सूर्य थबकतो त्या पहाटे

इंग्लंडांतील सॅलिसबरीच्या माळावर स्टोनहेंज या नांवाचें एक प्राचीन शिलावर्तुळ आहे. जूनच्या २१ तारखेच्या सुमारास, रात्र सरतां सरतां, तेथें हजारों माणसें ईशान्येकडे तोंड करून उभीं राहतात. त्यांत कोणी सूर्याची प्रार्थना करितात, कोणी ढोल वाजवितात, कोणी केवळ मौज पाहावयास येतात. परंतु ज्यांना कोणाचीच प्रार्थना करावयाची नसते, आणि तरीहि हा दिवस ज्यांना पवित्र वाटतो, असेहि कांहीं जण त्यांत असतात. हे निरीश्वर पेगन होत.

‘पेगन’ शब्दाचें मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ खेडवळ. ख्रिस्ती लोकांनीं तो परधर्मीयांना हिणवून लाविला. विसाव्या शतकांत निसर्गपूजकांनीं तो आपण होऊन स्वीकारला. त्यांतील पुष्कळ जण देवदेवता मानतात. पण आपल्याकडे सांख्यांत जसा निरीश्वर पक्ष होता, तसा यांच्यांतहि आहे. देव नाहीं, तर मग जमावयाचें कशासाठीं? हाच आजचा प्रश्न आहे.

आधीं आकाशाकडे पाहूं. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला असल्यामुळें सूर्योदयाचें स्थान क्षितिजावर रोज सरकत असतें. उत्तरायणाच्या अखेरीस तें कांहीं दिवस जागच्या जागीं थबकल्यासारखें दिसतें आणि मग मागें फिरतें. इ. स. पूर्वीं २५०० च्या सुमारास ज्यांनीं येथें वीस-वीस टनांहून जड शिळा उभ्या केल्या, त्यांनीं हें नेमकें हेरलें होतें. वर्तुळाचा अक्ष एका बाजूस या सूर्योदयाकडे, तर दुसऱ्या बाजूस हिंवाळ्यांतील सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे.

मात्र आजचा मेळावा त्या काळापासून अखंड चालत आलेला नाहीं. विल्यम स्टकली यानें १७४० सालीं या अक्षाचा सूर्योदयाशीं असलेला संबंध ग्रंथांत मांडला, पण बांधकामाचें श्रेय दिलें ड्रुइड पुरोहितांना; वस्तुतः ड्रुइडांचा उल्लेख आढळतो तो त्यानंतर सुमारें दोन हजार वर्षांनीं. १९०५ सालीं ड्रुइडांचें नांव घेतलेल्या एका मंडळाच्या शेंकडों सभासदांनीं येथें समारंभ केला. चार सौर दिवस व त्यांच्या मधले चार असें आठ सणांचें वर्षचक्रहि विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्यें जुळविलेलें आहे. रोनाल्ड हटन या इतिहासकारानें हें सप्रमाण दाखविलें आहे.

म्हणजे परंपरा नवी. पण तिच्यासाठीं सोसलेलें खोटें नव्हे. १९७४ पासून १९८४ पर्यंत येथें दर उन्हाळ्यांत मुक्त मेळा भरे. १९८५ सालीं त्यास मनाई झाली, आणि १ जून रोजीं पोलिसांनीं वाटेंतच गाड्यांचा तांडा अडविला. एका शेतांत मारहाण झाली आणि पांचशेंहून अधिक लोकांना अटक झाली. बरोबर दहा वर्षांनीं, १९९५ सालीं, सुमारें वीस माणसें त्या शिळांजवळच्या रस्त्याच्या कडेला शांतपणें जमलीं. त्यांतील दोघांवर बेकायदेशीर जमावाचा खटला झाला. अखेर १९९९ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें तीन विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला कीं, दुसऱ्यास अडथळा न करितां सार्वजनिक रस्त्यावर शांतपणें जमणें हा अपराध नव्हे. २००० सालीं तें शिलावर्तुळ त्या पहाटेसाठीं पुन्हां खुलें झालें.

त्या खटल्यांत देव आहे कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हता. माणसांनीं एकत्र उभें राहावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता. निरीश्वर पेगनांचें उत्तर मला यांतच दिसतें. सूर्य कोणाच्या प्रार्थनेवांचून उगवतो. इंग्लंडच्या आभाळांत तर कित्येकदां ढगांआडच उगवतो. तरी लोक येतात, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून थंडींत कुडकुडतात आणि उजाडल्यावर अनोळखी माणसाला मिठी मारतात. २०२० सालीं साथीमुळें तेथें जमतां आलें नाहीं, तेव्हां अनेकांनीं तो सूर्योदय घरोघरीं पडद्यावर पाहिला. सूर्य तोच होता, उणीव होती ती सोबतीची.

श्रोतेहो, आपल्या गच्चीवरून सूर्य आज कोणत्या घराच्या कोपऱ्यावर उगवला, तें लक्षांत ठेवा आणि महिन्यानें पुन्हां पाहा. पाहतांना मात्र शेजाऱ्यालाहि हांक मारा.