उघडलेला गुडघा

आमच्या कामठीत पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायापुढे फुटबॉल येतो. माझा भाचाही त्यातलाच. खेळताना गुडघा पिळवटला आणि आतलं लिगामेंट तुटलं. डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून तिथे बसवली. दोन आठवडे बरे गेले. मग गुडघा सुजला, गरम झाला, अंगात ताप भरला. आपा म्हणाली, "ऑपरेशनची सूज आहे, उतरेल." मीही मान डोलावली. चार दिवस आम्ही थांबलो.

दीडशे वर्षांपूर्वी असं थांबायची वेळच येत नसे. उघड्या सांध्यात पू झाला, की पाय कापायचा नाहीतर माणूस गमवायचा. म्हणून शहाणा सर्जन गुडघ्याला सुरी लावत नसे. ऑक्टोबर १८७७ मध्ये लंडनला जोसेफ लिस्टर यांनी ती लावली. कार्बोलिक अ‍ॅसिडने जंतू मारत त्यांनी फुटलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. पू झाला नाही. पुढे १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीवरच्या पडद्याची पट्टी वापरून लिगामेंट नव्याने उभारल्याचं प्रसिद्ध केलं.

पण जंतू शिरलेच तर? तेव्हा त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये जंतूंनी पोखरलेल्या एका पोलिसाला पेनिसिलीन दिलं. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि तो गेला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५५ मध्ये, आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागलं.

जंतूही मागे राहिले नाहीत. आज त्यांतल्या अनेकांवर पेनिसिलीन चालत नाही. म्हणून भाच्याच्या गुडघ्यातलं पाणी आधी सुईने काढून तपासलं. जंतू कोणता, त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे त्यातून कळलं. दुर्बिणीतून सांधा कित्येक लिटर सलाईनने धुतला, तोही दोनदा. मग सहा आठवडे अँटिबायोटिक. नवं लिगामेंट वाचलं. हाडांवरची कूर्चा मात्र थोडी गेली. पू तिला झपाट्याने खातो आणि गेलेली कूर्चा पूर्वीसारखी परत येत नाही. आमच्या चार दिवसांचा तो हिशेब.

असा संसर्ग शंभरात एखाद्यालाच होतो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की बसवायची दोरी आधी व्हँकोमायसिनच्या पाण्यात भिजवली, तर तो धोका आणखी घटतो. आता अनेक ठिकाणी तसं करतात.

भाचा आज रेषेबाहेर उभा राहून लहान मुलांना खेळ शिकवतो. मी त्या मैदानावरून जातो तेव्हा आपाचं वाक्य आणि माझी डोललेली मान आठवते. ओळ सुचेपर्यंत वाट पाहायची, ही माझी कवीची सवय. गुडघ्याच्या बाबतीत ती चालत नाही. ऑपरेशननंतर सूज, ताप किंवा कळ वाढू लागली, तर सकाळ होण्याची वाटही पाहू नका. डॉक्टरांना गाठा.