चोराबाडी : पासष्टाच्या पाचपट

देवगाव फाट्यावर बस थांबली की टपरीवर कुणालाही पासष्टचा अर्थ विचारा. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, मग पंचनामे, मग अनुदानाची वाट. हा आकडा ज्याला तोंडपाठ आहे, त्याने २०१३ सालच्या केदारनाथची नोंद वाचावी.

१५ जून २०१३, दुपार
मृग लागून आठवडा झालेला. आपल्याकडचे पुष्कळ लोक पेरणीच्या आत चारधाम उरकायला निघतात. हिशेब तसा चुकीचा नाही, कारण उत्तराखंडात मान्सून एरवी जूनच्या अखेरीला पोहोचतो. त्या वर्षी मात्र त्याने १६ जूनलाच सगळा देश व्यापला, नेहमीपेक्षा महिनाभर आधी. वर पश्चिमेकडून आलेला प्रक्षोभ हिमालयावर त्याला भिडला. देहरादूनच्या हवामान केंद्राने मुसळधार पावसाचा इशारा दिला होता. यात्रा चालूच राहिली.

सायंकाळी ५
केदारनाथच्या वर, चोराबाडी हिमनदीजवळ ३,८२० मीटरवर, वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेची छावणी होती. संस्थेचे राखणीचे कर्मचारी तिथे मुक्कामाला होते आणि छावणीत पर्जन्यमापक होता. पुढच्या चोवीस तासांचा हिशेब इथून सुरू होतो.

१६ जून, पहाटे ५
बारा तासांत २१० मिलिमीटर.

छावणीच्या परिसरातच चोराबाडी ताल, म्हणजे गांधी सरोवर. सुमारे ४०० मीटर लांब, २०० मीटर रुंद, १५ ते २० मीटर खोल. पाणी अडवून धरलं होतं ते हिमनदीने आणून टाकलेल्या दगड-गोटे-मातीच्या ढिगाऱ्याने. वरून बाहेर पडायला वाट नाही. तळाच्या फटींतून पाझरेल तेवढंच. शेततळं खोदणाऱ्याला यातला धोका वेगळा सांगायला नको : बांध कच्चा आणि सांडवाच नाही. त्यात उतारावरचं बर्फ पावसाने वितळून तेही तलावात येत होतं.

सायंकाळी ५
आणखी ११५. चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पासष्टाच्या पाचपट.

सेलूजवळच्या निम्न दुधनाचे दरवाजे उघडायचे झाले तर नदीकाठच्या गावांना आधी सावध करतात. इथे तलावापासून केदारनाथ जेमतेम दोन किलोमीटर, पण वरचा आकडा खाली पोहोचवून भोंगा वाजवणारी कुठलीच यंत्रणा नव्हती. माझ्या मते सगळ्या घटनाक्रमातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच. पाऊस अचानक आला असं म्हणायची सोय तरी कुठे आहे? तो चोवीस तास मोजला जात होता.

५.१५
पहिला लोंढा. मंदाकिनी आणि सरस्वती दोन्ही फुगल्या. गावाच्या वरच्या अंगाची शंकराचार्यांची समाधी, जल निगमचं विश्रामगृह, भारत सेवाश्रम संघाचा आश्रम गेला. त्याच संध्याकाळी खाली रामबाडा पार वाहून गेलं. गौरीकुंडाहून चढणाऱ्यांचा हा अर्ध्या वाटेवरचा थांबा : दुकानं, ढाबे, खेचरं, निवारे, सगळं नदीच्या काठाला. थकलेला माणूस पाण्याजवळच पथारी टाकतो, आणि डोंगरात सपाट जागा मिळते तीही बहुधा नदीनेच कधीतरी आणून टाकलेल्या गाळावर.

रात्र
पाऊस सुरूच. परतीची वाट तुटलेली. जे वाचले त्यांना आपण वाचलो असंच वाटलं असणार.

१७ जून, सकाळी ६.४५
तलाव काठोकाठ भरून वाहू लागला आणि ढिगारा फुटला. छावणीतल्या कर्मचाऱ्यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे अख्खा तलाव पाच ते दहा मिनिटांत रिकामा झाला. पाण्याबरोबर हिमनदीचा सगळा राडा निघाला, आणि एकेक खोलीएवढे दगड गावात शिरले. मंदिर उभं राहिलं, आजूबाजूचं गाव राहिलं नाही. तसाच लोंढा गौरीकुंड आणि सोनप्रयागकडे उतरला. उत्तराखंडातल्या त्या आपत्तीत मृत आणि बेपत्ता मिळून चार हजारांवर माणसं गेली.

मंदिरामागे अडकलेल्या शिळेचे फोटो पुढे घरोघरी पोहोचले. २१० आणि ११५ हे आकडे वाडिया संस्थेच्या डोभाल आणि सहकाऱ्यांच्या टिपणात 'करंट सायन्स'च्या २५ जुलैच्या अंकात आले. ते फार थोड्यांनी वाचले. ढगांवर नजर ठेवणारं उत्तराखंडातलं पहिलं डॉप्लर रडार मुक्तेश्वरला सुरू झालं, ते २०२१ मध्ये.