जुनी रिव्हॉल्व्हरे आणि जालन्याचे सिलेदार

धर्मगुरूने शस्त्रांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहास केवळ दप्तरखान्यातील कागदांवरच लिहिलेला असतो असे नाही. तो लोखंडावर आणि लाकडावरही लिहिलेला असतो. धर्मग्रामाची जुनी बाप्तिस्मा-नोंदवही उघडली, की कोणते पान लोकांनी वारंवार उलटले आहे ते कडेवरच्या मळकट ठशांवरून चटकन ध्यानी येते. जुन्या रिव्हॉल्व्हरचे तसेच आहे. युरोप-अमेरिकेत अशी शस्त्रे जमविणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आढळतात. एकाला पेटीतून कधी बाहेर न निघालेले, झिलई शाबूत असलेले रिव्हॉल्व्हर हवे असते. दुसऱ्याला झिजलेले, हाताळलेले हवे असते आणि ते चालवूनही पाहायचे असते. आमचे मत विचाराल, तर इतिहासाच्या दृष्टीने दुसराच पंथ शहाणा होय. न वापरलेले शस्त्र फक्त कारखान्याविषयी बोलते.

हा विषय जालना जिल्ह्याशी जोडण्याचे कारण असे, की या भूमीने शस्त्रांची स्थित्यंतरे फार जवळून पाहिली आहेत. भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आसई हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी येथे आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला आणि 98 तोफा हस्तगत केल्या. त्या रणधुमाळीत शिंद्यांच्या बाजूने सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. 1781 साली आग्र्यास बाप्तिस्मा घेऊन ‘जोआना’ झालेली ही कॅथलिक सत्ताधारिणी आणि आपले आसई यांचा असा संबंध आला, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. असो. आम्हाला येथे सांगायचे आहे ते निराळेच. त्या दिवशीच्या घोडेस्वाराजवळ पिस्तूल असलेच, तर ते ठासणीचे, एका बाराचे होते. बार उडाला, की पुढची सारी भिस्त तलवारीवर.

ती अडचण पुढच्या अर्धशतकात दूर झाली. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने 1836 साली आपल्या देशात फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनात कोल्ट आणि इंग्लंडचा रॉबर्ट अॅडम्स या दोघांचीही रिव्हॉल्व्हरे मांडलेली होती. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. अॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरचा चाप दाबताच घोडा आपोआप उठून पडे. 1856 साली ब्यूमाँट नावाच्या लेफ्टनंटने या दोन्ही सोयी एकत्र आणल्या. दुसऱ्याच वर्षी हिंदुस्थानात उठाव झाला, आणि तोवर कितीतरी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ही नवी हत्यारे आलेली होती.

जालन्याला त्या काळी छावणी होती. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा मुलूख ज्या फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांनी लावून घेतला, त्या हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले मराठवाड्यातील छावण्यांतून राहत. हे रिसाले सिलेदारी पद्धतीचे होते. सिलेदार आणि बारगीर हा भेद मराठी वाचकाला बखरींपासून परिचित आहे: बारगिराचा घोडा सरकारचा, सिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. इंग्रजांनी ही आपलीच पद्धत उचलली आणि ती थेट पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंत चालविली. गंमत अशी, की इंग्रज अधिकारीही आपले रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशानेच घेई. सरकारी काडतूस त्यात बसावे, एवढीच अट असे. म्हणजे साहेब आणि स्वार दोघेही स्वतःच्या शस्त्रानिशी चाकरीत येत. पण साहेबाच्या रिव्हॉल्व्हरवर क्रमांक असे, पुष्कळदा दुकानदाराचे नाव कोरलेले असे. स्वाराच्या तलवारीवर असे काही क्वचितच असे.

याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने सांगतो. 15 जानेवारी 1859 रोजी चिचंबा गावाशी कंटिंजंटच्या दुसऱ्या रिसाल्यातील कॅप्टन हर्बर्ट क्लॉगस्टन याने अवघ्या आठ स्वारांनिशी बंडखोरांवर हल्ला चढविला. बंडखोर गावात मागे रेटले गेले आणि अखेर लूट टाकून निघून गेले. क्लॉगस्टन जबर जखमी झाला; आठांपैकी सात स्वार कामी आले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सन्मानपत्रात त्याचे नाव आहे, गावाचे नाव आहे, आठ हा आकडाही आहे. त्या आठांची नावे मात्र नाहीत. जुन्या शस्त्रांचे संग्राहक ‘अमुक कॅप्टनचे रिव्हॉल्व्हर’ म्हणून मोठी किंमत मोजतात, तेव्हा आम्हाला ते सात जण आठवल्यावाचून राहत नाहीत. नाव कोरलेले नसलेले हत्यार मोडीत जाते, आणि त्याच्याबरोबर माणूसही जातो.

आता झिजेची भाषा पाहू. 1887 साली बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. हे मध्यावर मोडून उघडते आणि उघडताच सहाही काडतुसांची टरफले एकदम वर उचलली जातात. 1915 साली याच घराण्यातील सहावा नमुना आला. पूर्वीच्या पहिल्या रिसाल्याचे वारसदार असलेले 20 वे डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर 14 जुलै 1916 रोजी हाय वूडजवळ भाले रोखून तुटून पडले, तेव्हा अधिकाऱ्यांजवळ असलीच रिव्हॉल्व्हरे असत. असे एखादे जुने वेब्ली हाती आले, तर काय पाहावे? नळीच्या तोंडाशी आणि चक्राच्या उंचवट्यांवर निळसर झिलई उडून पांढरे लोखंड दिसत असेल, तर ते चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे आत-बाहेर झालेले आहे. मुठीच्या बुडाशी दोरी अडकविण्याची कडी असते; ती आतून झिजलेली असेल, तर मालक घोड्यावर बसणारा होता असा तर्क करायला हरकत नाही. मुठीवरील चौकटींची नक्षी एकाच बाजूने गुळगुळीत झालेली असते, तेथे तळहात टेकत असे. चक्राभोवती बारीक चरा दिसतो; तो चक्र अडविणाऱ्या खिट्टीचा. त्याहून जुन्या, टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत टोपी बसण्याच्या जागेभोवती खड्डे पडलेले आढळतात. टोपीतील स्फोटक आणि काळी दारू यांची राख लोखंड खाते. बार उडविल्यावर हत्यार गरम पाण्याने धुतले नाही, याची ती तक्रारच समजावी. एखाद्या उत्साही माणसाने असे हत्यार घासूनपुसून नवी झिलई दिली, की ही सारी अक्षरे पुसली जातात. आम्हाला तर तो दप्तर जाळण्याचाच प्रकार वाटतो.

परदेशात अशी जुनी रिव्हॉल्व्हरे चालविण्याचा खेळ शिस्तीने खेळला जातो. ठासणीच्या शस्त्रांच्या जागतिक स्पर्धांमध्ये एकोणिसाव्या शतकातील अस्सल रिव्हॉल्व्हरांनीही नेम धरतात. जाणकार आधी रिकामे हत्यार तपासतो: घोडा चढविल्यावर चक्र घट्ट अडते काय, प्रत्येक खोबण नळीच्या नेमकी समोर येते काय, नळीतील आटे शिल्लक आहेत काय. काळ्या दारूसाठी घडविलेल्या हत्यारात आधुनिक दारू भरली, तर चक्र फुटून हात जाण्याचे भय असते. म्हणून जुन्याला जुनेच अन्न, तेही बेताने.

आपल्याकडे हा खेळ जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याबद्दल आम्हाला खंत नाही. काडतुसांवर मर्यादा आहेत, सैनिकी व्यासाची रिव्हॉल्व्हरे सर्वसाधारण नागरिकाला ठेवता येत नाहीत. चिंता आहे ती जतनाची. 15 सप्टेंबर 1948 रोजी पोलीस कारवाईत भारतीय सेनेची गुरखा तुकडी जालन्यात उतरली आणि निजामी अमलातील सारे जुने हिशेब मिटले. पुढे 1959 चा शस्त्र अधिनियम आला. त्याच्या 45 व्या कलमाने पुरातन शस्त्राला सूट दिली आहे; पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. ज्याचा घोडा अजून पडतो, त्याला परवाना हवाच. 2016 च्या नियमांनी वारसाला परवाना मिळण्याची वाट ठेवली. 2019 च्या दुरुस्तीने मात्र एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा उरली, आणि वारशाने आलेले शस्त्रही त्याच दोनांत मोजले जाते. जादा शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करायचे. कायद्याचा हेतू योग्यच आहे. पण शेताच्या राखणीची बंदूक आणि चालते हत्यार ठेवल्यावर घरातून आधी कोणते जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पणजोबांचे झिजलेले रिव्हॉल्व्हरच जाईल.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, अडकित्ते, दिवे, दौती असल्या रोजच्या वापरातील वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि तो सारा संग्रह 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यात शस्त्रेही आहेत. मराठवाड्यातील रिसाल्यांच्या शस्त्रांना असा कोणी काका केळकर लाभला नाही. तेव्हा ज्यांच्या घरी असे काही परवान्यानिशी असेल आणि ते जमा करण्याची वेळ आली असेल, त्यांनी ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी एवढे करावे: त्यावरील क्रमांक आणि कोरलेली अक्षरे उतरून घ्यावीत, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, ते वापरणारा पूर्वज कोणत्या रिसाल्यात होता आणि कोणत्या गावचा होता ते घरातल्या वृद्धांना विचारून त्याच कागदावर लिहावे, आणि एखाद्या संग्रहालयाला ते कायदेशीर मार्गाने घेता येईल काय, अशी लेखी विचारणा करावी. स्वाराचे नाव ठाऊक असेल तर ते सर्वांत वर लिहावे.