माथेरानच्या सुगम वाटा

शार्लट तलावाच्या परिसरातून पिसरनाथाच्या देवळाकडे जाणारी तांबड्या मातीची वाट इतकी सौम्य आहे की वृद्धांनी व बालकांनीही ती विनासायास चालावी. परंतु ही सुगमता केवळ निसर्गदत्त नसून दीर्घकालीन श्रमाचे आणि निग्रहाचे ते फलित आहे, याची जाणीव तेथे विहारास जाणाऱ्याने ठेवणे अगत्याचे आहे.

१८५० सालच्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक येथील मुक्कामाहून हा डोंगर चढून गेले आणि इंग्रजी अंमलाच्या दप्तरात माथेरानचा शोध त्यांच्या नावे नोंदला गेला. वस्तुतः ठाकूर, कातकरी व धनगर या लोकांना हे रान त्यापूर्वीपासूनच परिचित होते. पुढे येथे बंगले उठले, निरनिराळ्या कड्यांपर्यंत सडका नेण्यात आल्या, आणि पावसाचे पाणी बांध घालून अडविलेल्या या तलावावर वस्तीची तहान भागू लागली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून दोन फुटी रुळांची आगगाडी वर आणली, तेव्हा घाटाचा चढ मुंबईकरांना सुसह्य झाला.

तथापि, सर्वांत मोलाचा म्हणावा तो येथील वाहनबंदीचा दंडक होय. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून पुढे पायी, घोड्यावर अथवा माणसांनी ओढलेल्या रिक्षातून जाण्याचा परिपाठ पडला. २००३ साली केंद्र सरकारने या प्रदेशास पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा देऊन जांभूळ-अंजनांच्या छायेस कायद्याचा आधार दिला.

मात्र एकाचा विहार सुखाचा व्हावा म्हणून दुसऱ्याने चढावर त्याचा भार ओढावा, हे न्यायबुद्धीस पटणारे नव्हते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा सहा महिन्यांत बंद करून तेथे ई-रिक्षा आणण्याचा व ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा हुकूम दिला, तो म्हणूनच स्वागतार्ह ठरतो. ज्यांच्या घामाने या वाटा सुगम झाल्या, त्यांचा चरितार्थ सुरक्षित राहील आणि वनराईची शांतताही अभंग राहील, अशी व्यवस्था लावणे हे शासनाचे व पर्यटकांचे समान कर्तव्य आहे. ते पार पडेल तेव्हाच माथेरानची वाट खऱ्या अर्थाने सर्वांसाठी सुगम झाली, असे म्हणता येईल.