नार्वेचा धक्का आणि चार गळ्यांचे गाणे

नार्वेच्या फेरीधक्क्यावर तिन्हीसांजेला उभे राहावे. पाठीमागे सप्तकोटेश्वराच्या देवळातली घंटा वाजते आणि वारा बरा असला तर पाण्यापलीकडून, दिवाडीच्या टेकडीवरून, इगर्जीची घंटाही येते. डिचोलीत नोकरीनिमित्त फिरताना आम्ही या धक्क्यावर कितीदा फेरीबोटीची वाट पाहिली असेल, त्याची गणती नाही. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान पलीकडे दिवाडीत. तिथले देऊळ पाडले गेले, लिंग नदी ओलांडून अलीकडे आले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्वेच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, हे आपल्यापैकी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच शतकात पलीकडे काय गायले जात होते, हे मात्र आपण अलीकडच्यांनी फारसे विचारलेले नाही.

१५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. त्यांच्या जमिनींचे उत्पन्न नव्याने उभ्या राहिलेल्या धर्मविद्यालयाकडे वळविण्यात आले. हेच पुढे जेझुइटांचे सेंट पॉल कॉलेज. पाठोपाठ इगर्जींना जोडून गावोगाव शाळा निघाल्या. तिथे पोरांना प्रार्थना, अक्षरओळख आणि गाणे शिकवायला एक 'मेस्त' असे. म्हणजे ज्या जमिनीवर आपल्या देवाची नौबत पोसली जात होती, तिच्या पैशावर युरोपातले गाणे इथे रुजले. हे लिहिताना आमचा हात थोडा जड होतो. पण मेस्ताने शिकवले काय, हेही पाहिलेच पाहिजे.

युरोपात तेव्हा गाण्याला मोठा बहर होता. आपल्या आरतीत पन्नास जण असले तरी चाल एकच. तिकडे चार गळे चार वेगळ्या चाली एकाच वेळी गात. प्रत्येक चाल स्वतःपुरती पुरी, आणि चारही मिळून गोड. याला नियम लागतात, नाहीतर तो बाजार होईल. व्हेनिसच्या झार्लिनोने १५५८ मध्ये ते नियम मोठ्या ग्रंथात बांधले. षड्ज-पंचमाच्या अंतराने दोन गळ्यांनी पाठोपाठ एकाच दिशेने चालू नये, कारण मग दोघे एकमेकांची सावली होतात. खटकणारा स्वर आला तर त्याला लगेच जवळच्या गोड स्वरावर टेकवावे. असे बरेच काही.

झार्लिनोचे आणखी एक काम आपल्या जिव्हाळ्याचे आहे. पायथागोरसाच्या जुन्या हिशेबात गंधार ८१:६४ असा येई आणि कानाला किंचित चढा लागे. झार्लिनोने १ ते ६ या अंकांतून सारी गोड अंतरे काढून दाखवली आणि गंधार ५:४ असा मांडला. हाच आपला शुद्ध गंधार! तंबोऱ्याचा खर्ज छेडून शांत बसले की जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोच. गंमत म्हणजे झार्लिनोच्या आठ वर्षे आधी, १५५० मध्ये, विजयनगरच्या दरबारात रामामात्याने 'स्वरमेलकलानिधि' लिहून वीणेचे पडदे आणि मेल ठरवले होते. त्यानेही 'स्वयंभू' स्वरांची गोष्ट काढली आहे. त्याच शतकात खानदेशात फारुकी बुर्हाणखानाच्या आश्रयाने पुंडरीक विठ्ठल 'सद्रागचंद्रोदय' लिहीत होता. मधोमध आपला गोवा! पण इथे हे दोन विचार एका चौकटीत बसून बोलले असते तर किती बरे झाले असते, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. तो काळ बोलण्याचा नव्हता.

चार चाली पाठ ठेवणे अवघड. म्हणून ते गाणे कागदावर लिहावे लागे, आणि म्हणून पोराला आधी स्वर वाचायला शिकवावे लागे. त्यासाठी अकराव्या शतकातल्या ग्विदो नावाच्या साधूची युक्ती होती : उत्, रे, मी, फा, सोल, ला. स्वर सहाच, सातवा मागाहून आला. हाताच्या पेरांवर स्वर मोजून ते पाठ करवीत. 'उत्' एका जागी बांधलेला नव्हता, गाण्याप्रमाणे तो सरके, जसा आपला 'सा' गवयाच्या गळ्याप्रमाणे सरकतो. या विद्येला गोव्यात 'सोल्फा' म्हणतात. १६६३ मध्ये एका इटालियन कार्मेलाइट पाद्रीने जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमध्ये सात गायकवृंदांचे गाणे ऐकले आणि त्याला आपण रोममध्येच असल्यासारखे वाटले. गाणारे इथलेच होते.

पुढे ही विद्या कुठवर गेली पाहा. मांडो म्हणताना दोन गळे गंधाराच्या अंतराने जोडीने चालतात आणि साथीला व्हायोलिनच्या शेजारी आपले घुमट असते. मुंबईच्या चित्रपटांत शंकर-जयकिशनच्या चालींचे वाद्यमेळ सेबास्टियन डिसोझांनी लिहून दिले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ज्या गाण्यांवर आमची पिढी वाढली, त्यांच्या मागची पाने सोल्फा शिकलेल्या हातांनी लिहिली होती.

डिचोली, सत्तरी, पेडणे पोर्तुगीजांकडे गेली ती १७८० च्या दशकात. तोवर तिकडचा जोर ओसरला होता, म्हणून इथे मेस्त फारसा आला नाही. इथली विद्या गळ्यातून गळ्यात आणि हातातून हातात राहिली. ती कमी होती असे कोणी समजू नये. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दोन हात आणि दोन पाय यांवर एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत, असे जाणकार सांगत आले आहेत. तिकडे चार माणसांत वाटलेले काम इथे एका देहात चाले! फक्त ते लिहिले गेले नाही.

आमच्या वाड्यावर एक आजोबा होते. चवथीच्या आरतीत घुमटावर त्यांचा हात पडला की शामेळ आणि कासाळे वाजवणारे सावध होत. एका आरतीच्या शेवटी ते असा एक तुकडा वाजवीत की सम चुकली असे वाटे आणि ती नेमकी येई. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हा ते हसून म्हणाले, "वाद्याक मान मेळ्ळो, बरें जालें. वाजोवपी खंय आसा?" त्यानंतरच्या चवथीला आम्ही वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. आमचे शिक्षण पडले डिप्लोमाचे, संगीताचे नव्हे. थापेला उभी रेघ, बोटाला टिंब, बंद आवाजाला फुली, असा आराखडा काढावा तसा कागद केला. चार पाने झाली. पाचव्या पानावरचा तो शेवटचा तुकडा "फाल्यां सांगतां" म्हणून राहिला. कचेरीच्या कामामुळे आमचे 'फाल्यां' लांबत गेले, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले.

मेस्ताला पगार होता, फळा होता आणि रोज ठरलेली वेळ होती. घुमटाला तसा वर्ग मिळावा म्हणून आम्ही एके ठिकाणी अर्ज केला होता. सरकारी माणसाला फाईल कशी झोपते हे समजावून सांगावे लागत नाही.

यंदा माटोळी बांधून झाल्यावर आमच्या भाच्याने ती वही काढली. घोरपडीच्या कातड्यावर बंदी असल्यामुळे आता घुमटाला बकऱ्याचे कातडे असते. त्यावर तो रेघा-टिंबे वाचत वाजवू लागला. दुसऱ्या पानावर आमचे एक टिंब चुकले असल्याचे आजोबांच्या जुन्या कासाळेवाल्याने ऐकताक्षणी सांगितले. आम्ही पेन्सिलीने ते खोडून दुरुस्त केले. पाचवे पान कोरे आहे. तो तुकडा आपल्याला अर्धा आठवतो असे कासाळेवाले म्हणतात. उद्या सकाळी ते यायचे आहेत, आणि आम्ही रजा टाकली आहे.